चौथ्या रिळातला खुनी

दौलतरावांचे भुतांचे बोलपट पाहताना एके काळी माणसं थिएटरातून उठून पळाली होती. त्यांच्या सगळ्या बोलपटांत हडळीचं काम राजाबाईंचं. अंबरनाथला घराजवळच्या नळावर त्या आल्या की बायका मुकाट्याने बाजूला होत. त्याला वीस वर्षं झाली होती.

१९५५ साली, चौसष्टाव्या वर्षी, दौलतरावांनी बेलवलीच्या घरात बसून नवी गोष्ट लिहिली. तीत भूत नव्हतं. एक खून, पाच संशयित आणि शेवटपर्यंत न उलगडणारं रहस्य. "भुतं आता कुणाला खरी वाटत नाहीत," ते बायकोला म्हणाले. "आता माणसाची भीती दाखवायची."

तिचा बोलपट मुंबईत आठवड्यातच पडद्यावरून उतरला. उल्हासनगरात लागला तेव्हा रविवारच्या दुपारच्या खेळाला ते राजाबाईंना घेऊन गेले. या खेपेस त्यांना मेलेल्याच्या आईचं, दोन वाक्यांचं काम मिळालं होतं.

निम्म्या खुर्च्या रिकाम्या होत्या. चौथ्या रिळात दाढीवाला डॉक्टर आला आणि शेजारच्या सिंधी म्हाताऱ्याने दौलतरावांच्या गुडघ्यावर थाप मारली.

"साईं, खूनी यही है."

"कशावरून?"

"बाकी सब डर रहे हैं. यही अकेला बहुत भला बनता है."

एवढं अचूक सांगून म्हातारा निवांत झोपी गेला. पुढे जिन्यावर सावली चढू लागली. त्या एका सावलीसाठी दौलतरावांनी तीन दिवस दिवे हलवले होते. मागून कुणीतरी "आई गं" म्हणून खोटं किंचाळलं आणि अख्खं थिएटर हसलं. राजाबाई पडद्याकडेच बघत राहिल्या.

बाहेर चहा घेताना दौलतराव म्हणाले, "खरं सांगा."

"पूर्वी तुम्ही स्वतः घाबरायचात," राजाबाई म्हणाल्या. "बारवीच्या रानात मी रंग लावून आले की भर दुपारी माझ्याशी बोलत नव्हतात."

"आणि आता?"

"आता तुम्हाला बोलपट पडायची भीती होती. लोकांना तिचं काय?"

जिन्यावर सावली चढत होती तेव्हा दौलतरावांच्या डोळ्यांपुढे वितरकाचं तोंडच होतं.

मंगळवारी थिएटरवाल्यांनी बोलपट काढला. त्या संध्याकाळी दौलतराव शेताच्या बांधावरच्या चिंचेखाली जाऊन बसले. लहानपणी हिच्याखालून जाताना ते डोळे मिटून धावत. पुन्हा भुताचा बोलपट करावा, सुरुवात इथूनच होईल, असं त्यांच्या मनात होतं. अंधार पडेपर्यंत ते त्या जुन्या भीतीची वाट पाहत राहिले. पानं हलली, एक घुबड उडालं. त्यांना काहीच वाटलं नाही.

घरी आल्यावर बायकोने विचारलं, "काही सुचलं?"

"तिथे काही नाही," दौलतराव म्हणाले आणि पाय धुवायला मोरीत गेले.

पुढे अकरा वर्षं ते जगले. मुंबईहून बोलपटासाठी दोनदा बोलावणं आलं. दोन्ही वेळा त्यांनी तब्येतीचं कारण कळवलं. तब्येत उत्तम होती.