बोळक्या तोंडाची दातदुखी

माझ्या तोंडात एक बी दात न्हाय आणि माझा दात दुखतोय, असं म्हटल्यावर घरातली माणसं पोट धरून हसली. हसू देत. हसून हसून त्यांचे पडू देत, मग कळंल.

मी चिमणाबाई. कोल्हापुरात गंगावेशीला रोज सांजंला दोन म्हशी घेऊन उभी असते. गिऱ्हाईक समोर उभं ऱ्हातं, मी धार काढते, फेसाचा गिलास त्याच्या हातात देते. तीस वर्सं हेच करतीया. मिश्री लावून लावून दात साठीच्या आतच गेले. पंच्याहत्तर सालच्या दिवाळीला माझ्या ल्योकानं, बाळासोनं, कवळी करून दिली आणि शिमग्यापातूर वरच्या डाव्या हिरडीत, नाकाच्या शेजारी, सणका मारायला लागल्या. कवळी घातली तरी सणका, काढून डब्यात ठेवली तरी सणका.

"आये, दातच न्हाईत तर दुखतंय काय? वारं?" बाळासो म्हणाला.

"आत्ती, पडलेल्या दाताचं भूत असंल," सून पदरात तोंड घालून म्हणाली. भूत म्हणं! भवाने, तुझ्या मानगुटीवर बसवते ते.

कवळीवाल्यानं तीनदा कवळी घासून दिली. चौथ्यांदा म्हणाला, "हिरडी साफ हाय मावशी. मनाचे खेळ हैत."

हसली न्हाय ती एकटी अंबूबाई. माझी धाकटी जाऊ. नवरा गेल्यापासनं मागच्या खोलीत ऱ्हाती. तीन वर्सं झाली, हिच्या पोटात उजवीकडं कळ येती म्हणं. भाकरी थापायची वेळ झाली की हिची कळ आलीच, असं मी गल्लीभर सांगितलं व्हतं. तर ती म्हणाली, "दुखत असंल की, आक्का. मला न्हाय का दुखत?"

"गप ए!" मी म्हटलं. "माझं खरं हाय. तुझ्यासारखी सोंगाडी न्हाय मी."

मग एक दिवस धार काढता काढता असली सणक आली की धार गिलासात जायची ती एका पावण्याच्या धोतरावर गेली. म्हस बिथरली, बादली लवंडली. बाळासोनं त्याच दिवशी ठरवलं की आईच्या डोक्यावर परिणाम झालाय. सोमवारच्या एस्टीनं मला आजऱ्याला लेकीकडं धाडायचं आणि म्हशी सुनंनं बघायच्या.

"तिथं निवांत काजू खात बस," म्हणाला.

बोळक्या बाईला काजूच्या गावाला धाडतोय आणि परिणाम म्हणं माझ्या डोक्यावर झालाय!

गोठ्यात जाऊन मी रडले, खोटं कशाला सांगू. म्हस एक येळ वैरण न्हाय खाल्ली तर गुरांचा डाक्टर पळत येतो. तिला कुणी म्हणत न्हाय, सोंग करतीया. माझ्या म्हशी जाणार, माझी जागा जाणार, वर येडी म्हणून नाव. दुखण्यापरास ते लई लागलं.

आमच्याकडं एक श्यामलाबाई म्हणून डाक्टरीण आपल्या वडलांना दूध पाजायला घेऊन यायच्या. दातांच्या डाक्टर. शुक्रवारी मी त्यांना सगळं सांगितलं आणि हसायची वाट बघत थांबले. त्या हसल्या न्हाईत.

"आजी, दात नाही म्हणजे वरून दिसत नाही, एवढंच," त्या म्हणाल्या. "आत काय आहे ते बघितल्याशिवाय मी कसं सांगू? उद्या सकाळी दवाखान्यात या."

मी बाळासोला संगं ओढून नेलं. त्याच्याच डोळ्यानं बघू दे.

त्यांनी काडीपेटीपेक्षा लहान अशी कागदात गुंडाळलेली पट्टी माझ्या तोंडात घातली आणि अंगठ्यानं टाळूला दाबून धरायला लावली. मग एक मशीनचं नाकाड माझ्या गालाला आणून टेकवलं. "हलू नका. बोलू नका."

तेवढ्यात बाळासो म्हणाला, "आये, नीट आ कर की."

"तू गप की रं मुडद्या!" मी म्हटलं. पट्टी घसरली, फोटू वाया गेला. डाक्टरीणबाईंनी बाळासोला भाईर काढलं आणि दुसरी पट्टी घातली. उभ्या जन्मात तेवढा येळ मी गप बसले न्हवते.

पडद्यामागं अंधारात त्यांनी तो फोटू धुतला, चिमट्याला लावून निथळत आणला आणि बाळासोला आत बोलावून उजेडासमोर धरला.

"पांढरं दिसतं ते कठीण, काळं ते पोकळ किंवा मऊ," त्या म्हणाल्या. "हे करडं म्हणजे हाड. आणि हे बघा."

हाडाच्या मधोमध एक पांढराशुभ्र सुळा आडवा पडला व्हता. त्याच्याभवती काळं कडं.

"आजी, तरुणपणी या बाजूचा सुळा होता का तुम्हाला?"

अगं बया! न्हवताच की! मालक चिडवायचे, एका बाजूनं वाघीण, एका बाजूनं शेळी.

"तो हाच. वर आलाच नाही, हाडातच राहिला. आता कवळीचा दाब पडला, भोवती पू धरलाय. हिरडी बघून हे कुणालाही कळलं नसतं. कवळी करायच्या आधीच फोटो काढायला हवा होता. मंगळवारी काढून टाकू."

बाळासोनं फोटू हातात घेतला, खिडकीकडं धरला, उलटा केला, सुलटा केला. मग हळूच म्हणाला, "आये, मग आजऱ्याचं?"

"तूच जा. काजू खा."

फोटू मंगळवारी माघारी द्यायच्या बोलीवर मागून घेतला आणि वाटंनं भेटंल त्याला थांबवून दावला. पेठंतल्या वाण्याला दावला. कवळीवाल्याच्या तर नाकासमोर धरला, म्हटलं, घे, हे मनाचे खेळ. घरी आल्यावर सुनंला दावला. तिचा पदर तोंडाकडं गेला न्हाय.

शेवटी अंबूबाईला दावला. तिनं हात लुगड्याला पुसले, फोटू कडंला धरून घेतला आणि लई येळ बघितलं. आता ही म्हणणार, मी म्हटलंच न्हवतं का, म्हणून मी कंबर कसून उभी ऱ्हायले. पर तिनं फोटू माघारी दिला आणि बारीक आवाजात इचारलं, "आक्का, माझ्या पोटाचा बी असा फोटू निघतो का?"

ज्या तोंडानं गल्लीभर हिला सोंगाडी केली, त्याच तोंडाचा फोटू हातात घेऊन मी उभी व्हते. लाज वाटली. मेल्याहून मेल्यागत झालं.

"सूनबाई, आज म्हशी तू ने," मी वरडले. "आणि अंबू, लुगडं बदल. मोठ्या दवाखान्यात जायचं."

"आत्ता? भाकरी हैत की थापायच्या."

"बाळासो थापंल. ऊठ. नेमकं कुठं दुखतं ते आधी मला दाव."

तिनं माझाच हात धरला आणि उजव्या बरगडीखाली नेऊन ठेवला. तीन वर्सांत मी पहिल्यांदाच इचारलं व्हतं.