खारीकची जखम

आमच्या गिनीपिगच्या, खारीकच्या, जबड्याखाली बोराएवढी गाठ आली होती. डॉक्टरांनी ती फोडून पू काढला आणि बजावलं, "जखम वरून मिटू देऊ नका. रोज दोनदा सलाईनने धुवा."

नेमकं मला चार दिवस ट्रेनिंगला श्रीरामपूरला जावं लागलं. केडगावातली माझी शेजारीण प्रणिता म्हणाली, "मी आहे ना, तू निर्धास्त जा." सकाळ-संध्याकाळ तिचा फोटो यायचा, धुतलेल्या स्वच्छ जखमेचा. मी मूर्खासारखी उलट बदाम पाठवायचे.

परत आले तर जखमेवर घट्ट खपली आणि खाली लिंबाएवढी गाठ. मी तिचे फोटो पुन्हा उघडून बघितले. आठही फोटोंत पिंजऱ्यात तोच कागद होता, निघताना मी अंथरलेला, अर्धवट सोडवलेल्या शब्दकोड्याचा. कोरा करकरीत. म्हणजे सगळे फोटो पहिल्याच दिवशी काढून ठेवलेले!

"अगं, पू बघून मळमळतं मला," प्रणिता दारातूनच म्हणाली. "तुला काळजी नको म्हणून..."

"एक फोन करायचा होतास! तशीच उठून आले असते मी!"

तिचा आवाज ऐकताच खारीक धडपडत गजांपाशी आली आणि सुजल्या तोंडाने तिच्याकडे कोथिंबीर मागत शिट्ट्या मारू लागली.