शेवटच्या घराचा दोर

मी एक जुनी लाकडी कप्पी आहे आणि मला राग आलेला आहे. मित्रांनो, म्हाताऱ्या वस्तूंनी मऊ आवाजात आठवणी सांगाव्यात असे तुम्हाला वाटत असेल. मला ते जमणार नाही. ऐकायचे असेल तर असेच ऐका.

कॅनडातल्या न्यूफाउंडलंड बेटाच्या किनाऱ्यावर हॅगडाउन नावाचे गाव होते. तिथे होड्या बांधणाऱ्या एलायस पार्डीने मला बर्चच्या लाकडातून घडवले. पोटात दोन चाके बसवली, डोक्याला लोखंडी आकडा लावला. माझ्याबरोबर माझ्यासारखीच एक बहीणही केली. आम्हा दोघींमधून दोर फिरवला, की चार हात दोर ओढल्यावर ओझे हातभर सरकते; पण जोरही जवळजवळ चौथाईच लागतो. एवढीच आमची विद्या. गावात घोडा नव्हता आणि रस्ताही नव्हता, त्यामुळे आम्हाला मोठा मान होता. वादळाआधी होड्या वर ओढायच्या, शाळा गरम ठेवायची लोखंडी भट्टी टेकडीवर चढवायची. एकदा मेलेला देवमासा किनाऱ्याला लागला, तो गावापासून दूर न्यायलाही आम्हीच होतो. त्या वासाबद्दल मी बोलणार नाही.

मग सरकारने ठरवले, की अशी लहान गावे परवडत नाहीत. एक साहेब आले. त्यांनी सेलिनाकाकूंच्या घरी चहा घेतला, काकवी लावलेला पाव खाल्ला आणि फार गोड बोलले. खाडीपलीकडे मर्सर हार्बरला जा, तिथे दवाखाना आहे, शाळा आहे, मासळीचा कारखाना आहे. कोणावर जबरदस्ती नाही. खरेच नव्हती. फक्त नर्सची बोट यायची बंद झाली आणि मास्तर गेले त्यांच्या जागी दुसरे आले नाहीत. चर्चमध्ये सभा भरली तेव्हा सगळ्यांनी जाण्यासाठी हात वर केले. सेलिनाकाकूंनी केला नाही. त्या एलायसच्या थोरल्या बहीण. त्यांचे घर त्यांच्या नवऱ्याने, टोबायसने, स्वतःच्या हाताने बांधले होते आणि तो मागच्या टेकडीवर पुरलेला होता.

लोक निघाले, पण घरे सोडून नाही. घरेच घेऊन. पहारींनी एकेक कोपरा उचलायचा, खाली पाचर मारायची, मग लांब वासे आणि त्यांखाली गोल ओंडके सरकवायचे. वाशांना माशाचे तेल चोपडायचे. पाण्याजवळच्या खडकात लोखंडी कडी ठोकलेली होती, तिला मला बांधायचे आणि माझ्या बहिणीला घराला. मग सगळे गाव दोराला लागायचे. ओहोटीला घर किनाऱ्यावर आणून त्याला रिकामी पिंपे बांधायची. भरती आली, की घर तरंगायचे आणि मोटारबोटी त्याला ओढत खाडीपलीकडे न्यायच्या. खिडक्यांचे पडदेही कोणी काढत नसे.

प्रत्येक घराच्या दोराला सेलिनाकाकू होत्या. हार्वी पाय नावाच्या शेजाऱ्याने त्यांना विचारले, की तुम्हाला तर हे पटत नाही, मग ओढता कशाला? काकू म्हणाल्या, "मत माझं आहे. हात गावाचे आहेत."

पण मित्रांनो, एक घर गेले, की त्या घरातले हातही जात. पुढचे घर ओढायला माणसे कमी पडत. शेवटच्या घराचे काय होणार, हे सगळ्यांना दिसत होते. म्हणून निघताना हार्वी म्हणाला, "काकू, तुमच्या घराची वेळ आली, की नुसता निरोप धाडा. सगळे येऊ." बाकीच्यांनीही माना डोलावल्या. तेव्हा त्याचा हात माझ्या दोरावर होता. मी विसरलेली नाही.

बहिणीसाठी एलायसही थांबला; गावात भाऊ-बहीणच उरले. हिवाळ्यात एलायसला न्यूमोनिया झाला. नर्स नव्हती. काकू त्याच्या छातीला बदकाची चरबी चोळत राहिल्या. तो वाचला, पण त्याच्या खोकल्याने त्यांचा हट्ट मोडला. बर्फ वितळल्यावर त्या म्हणाल्या, "एला, घर हलवू या." उधाणाची भरती बघून दिवस ठरला आणि खाडीपलीकडे निरोप गेला.

बोट आली. तिच्यातून पूर्वीचा शेजारी रूबेन आणि त्याची बायको मायरा, असे दोघेच उतरले.

"बाकीचे?" काकूंनी विचारले.

रूबेन बुटांकडे बघत राहिला. "कारखान्यात पाळी आहे, काकू. सुट्टी देत नाहीत."

"हार्वीलाही?"

"त्यानं घराचं रंगकाम काढलंय."

"काढू दे," काकू म्हणाल्या. "भिंती मीच ओढून नेल्यात. रंग नीट बसेल."

मला वाटले, आता त्या घरात जाऊन दार लावून घेतील. त्यांनी बाह्या सरसावल्या.

जे काम गाव एका सकाळी करी, त्याला या चौघांचे कितीतरी दिवस गेले. भार सगळा आम्हा बहिणींवर आला. ओढता ओढता आम्ही दोघी एकमेकींना भिडलो, की घराला पाचर मारायची, आम्हाला पुन्हा लांब करायचे, मागचे ओंडके उचलून पुढे टाकायचे आणि परत ओढायचे. मायराच्या हाताचे फोड फुटले. ती माशाचे तेल चोपडून पुन्हा दोराला लागली. माझा आस तापून जळका वास यायला लागला. ओढ्याजवळ घराचा एक कोपरा चिखलात रुतला आणि एलायस खोकत गुडघ्यांवर बसला.

"बस तिथंच," काकू म्हणाल्या. "तू नुसतं सांग. हात आमचे."

त्याने बसूनच सांगितले, कोणती पहार कुठे घालायची. कोपरा सुटला. उधाण ओसरायच्या आत घर पाण्यापाशी आले, पिंपे बांधून झाली. मग भरती चढली आणि ते एवढे जड घर हलकेच उचलले गेले. मी अजून खडकालाच होते. पाण्याने गाठ फुगून घट्ट झाली होती, तेव्हा एलायसने सुरीने दोर कापला. मी पाण्याखाली गेले. त्याआधी काकूंचे बोलणे मी ऐकले. बोटीतून टेकडीकडे बघत त्या म्हणाल्या, "सगळं नेता येतं रे, एला. टोबायस तेवढा राहिला."

पुढचे मला बहिणीने सांगितले. पलीकडच्या किनाऱ्यावर सगळे जमले होते. पाळी संपली होती. वर्तमानपत्राचा फोटोवालाही आला होता. हार्वीने पुढे होऊन दोर धरला.

"हार्वी, ठेव तो खाली," काकू म्हणाल्या.

त्याने ठेवला. भर लोकांत काकूंनी त्याला तसेच उभे ठेवले. त्याने मान खाली घातली. तो पुटपुटला, की चुकलं. काकूंनी मायराचे दोन्ही हात उघडून त्याला दाखवले.

"आता धर," त्या म्हणाल्या. "तिच्या वाटणीचा तू ओढ."

पुढच्या उन्हाळ्यात काकू टोबायसच्या थडग्यावरचे गवत काढायला आल्या आणि ओहोटीला मला सोडवून घेऊन गेल्या. आता त्या नाहीत, एलायसही नाही. मी मर्सर हार्बरच्या संग्रहालयात काचेमागे आहे. मला रंगरोगण केले आहे. माझी चाके आता फिरत नाहीत. शेजारी त्या दिवशीचा फोटो टांगला आहे: हसणारी गर्दी, ताणलेला दोर, मागे काकूंचे घर. खाली लिहिले आहे, 'एकजुटीने घर हलवणारे गाव'. माणसे ते वाचून म्हणतात, काय हुशार लोक होते. होतेच हुशार. पण एवढी हुशारी आपलेच गाव सोडण्यात का खर्च करावी लागली, हे कोणी विचारत नाही. आणि फोटोत मायरा नाही. तिच्या हातांना पट्ट्या बांधल्या होत्या, म्हणून तिला बाजूला उभे केले होते.

मित्रांनो, जुन्या वस्तूंना जपा, असे मी तुम्हाला सांगणार नाही. माझा गंज माझ्यापाशी राहू द्या. पण कोणाच्या दोराला हात लावून 'येतो' म्हणालात, तर जा. पहिल्या घराला सगळेच येतात. तुम्ही शेवटच्या घराला जा.