डॉक्टरचा जुळा भाऊ

पैज लावून सांगतो, यावर कुणी विश्वास ठेवणार नाही: एका रंगाऱ्यानं खाटेवर पडल्या पडल्या एक अख्खी परदेशी मालिका बदलून टाकली. त्यातल्या नटांना पत्ता नाही, ती काढणाऱ्यांना पत्ता नाही, पण बदलली. साक्षीला खोलीत एकट्या सासूबाई होत्या, आणि त्यांना दिसत नव्हतं.

रंगारी खाटेवर कसा आला, तर शिडी घसरून. पडतानाही त्यानं हातातला ब्रश भिंतीवरून उचलला नाही, त्यामुळे छतापासून जमिनीपर्यंत एक सरळसोट निळा पट्टा उमटला. घरमालकाला तो इतका आवडला की त्यानं तो तसाच ठेवला. पाय मात्र मांडीपर्यंत प्लास्टरमध्ये गेला.

खोली अशी की खाट खिडकीला लागून, खाटेच्या पायथ्याशी टीव्ही, आणि खाट व दार यांच्या मधोमध सासूबाईंची आरामखुर्ची. बाहेर पडायचं तर आधी सासूबाईंना उठवा, आणि सासूबाई उठत फक्त जेवायला. खिडकीतून दिसायची शेजारच्या इमारतीची भिंत. ती दुसऱ्याच कुणीतरी रंगवली होती. रोलरचे पट्टे, जागोजाग ओघळ, कोपरे उघडे. तिकडे पाहिलं की रंगाऱ्याचा पाय जास्तच ठणके. मग उरला टीव्ही.

बायको बसमध्ये कंडक्टर. ती सकाळी जाई ती संध्याकाळी येई. दिवसभर जावई आणि सासू, आणि मध्ये परदेश. आपल्याकडच्या मालिका सासूबाईंना नको असत. "त्यांतली माणसं आपल्या ओळखीचीच असतात, त्यांना बघायला टीव्ही कशाला," म्हणायच्या. परदेशातलं आपल्या भाषेत केलेलंही चालत नसे: "रडतो एक आणि आवाज दुसऱ्याचा. पैसे देऊन रडायला बसवल्यासारखं वाटतं." त्यांना मूळ आवाज हवे, आणि खाली आपल्या भाषेत येणाऱ्या ओळी. वर्षानुवर्षं त्यांनी त्या ओळी भराभर वाचल्या होत्या. आता दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता आणि पडद्यावर नुसती वाफ दिसायची. म्हणून जावयानं वाचून दाखवायचं.

जावई वाचायचा, पण सावकाश. त्याला सवय दुकानांच्या पाट्या वाचायची, आणि पाटी पळत नाही. तो पहिले दोन शब्द पकडी तोवर ओळ निसटून तिच्या जागी दुसरी येई. उरलेलं तो पदरचं घाली. पदरी त्याच्याकडे मतं भरपूर होती.

एका देशातल्या सिनेमात कुणी बोलतच नसे. एक म्हातारा खिडकीशी बसे, बाहेर धुकं; मग दुसरा म्हातारा येई, तोही बसे.

"याला बक्षीस मिळालंय, सासूबाई."

"कशाबद्दल?"

"बसल्याबद्दल."

दुसऱ्या एका देशात श्रीमंत मुलगा आणि गरीब मुलगी. रंगाऱ्याला ती मुलगी पहिल्याच दिवशी खोटी वाटली. "घराला पिस्ता रंग आहे तिच्या. तीन हात मारल्याशिवाय तो असा चढत नाही. गरीब म्हणे."

"आणि रडते किती वेळ," सासूबाई म्हणायच्या. "नाक एकदाही पुसत नाही."

पण त्याची खरी हुकमत गार देशांतल्या पोलिसी मालिकांवर. त्याचा सिद्धांत असा: ज्या घरात एकच भिंत ताजी रंगवलेली असेल, गुन्हेगार त्या घरातला. शोभेसाठी रंगवणारा माणूस चारही भिंती रंगवतो; एकच रंगवतो तो काहीतरी झाकायला. हा सिद्धांत दोन मालिकांत तंतोतंत खरा ठरला आणि सासूबाई थक्क झाल्या. शेजारीण डोकावली की सांगायच्या, "आमच्या जावईबापूंना परदेशातलं सगळं कळतं." ज्या घरात आजवर त्याला "अहो, जरा सरका" याखेरीज कुणी काही म्हटलं नव्हतं, तिथं ही बढती झाली होती.

आणि मग ती डॉक्टरची मालिका लागली.

समुद्रकाठचं गाव, सतत पाऊस, आणि गावात एक डोळ्यांचा डॉक्टर. पहिल्याच भागात रंगाऱ्यानं त्याच्या दवाखान्याची मागची भिंत पाहिली. इतर तिन्ही भिंतींना पोपडे आणि ही एकटी कोरी करकरीत.

"हा बघा चोर," रंगारी म्हणाला.

"हा? आवाज तर किती मऊ आहे."

"म्हणूनच. ऑपरेशनच्या नावाखाली लोकांचे डोळे काढतो, बोटीवाल्यांना विकतो, आणि जागी काचेच्या गोट्या बसवतो."

"अगबाई, गोट्या," सासूबाई म्हणाल्या आणि खुर्ची पुढे सरकवून बसल्या.

पुढे भाग जात राहिले. मधूनमधून एखादी ओळ त्याच्या हाती सबंध लागायची, आणि प्रत्येक ओळ म्हणायची की डॉक्टर भला माणूस आहे. गरिबांकडून तो काही घेत नव्हता. बोटीवाले त्याला मासे आणून देत होते ते प्रेमानं. पण सासूबाई रोज विचारायच्या, "आज त्या मेल्यानं कुणाचे काढले?" आणि रंगारी रोज कुणाचे तरी काढायचा. गावातले इतके डोळे काढून झाले की त्याला नवी माणसं जन्माला घालावी लागली.

तोवर खरोखरच्या दवाखान्यातून सासूबाईंच्या ऑपरेशनची तारीख आली. डॉक्टरांनी आधीच बजावलं होतं: मोतीबिंदू आणखी पिकला तर नजर परत येईलच याची खात्री नाही.

"मी जाणार नाही," सासूबाई म्हणाल्या. "मला गोट्या बसवून घ्यायच्या नाहीत."

"गोट्या?" बायकोनं विचारलं. "आई, कसल्या गोट्या?"

सासूबाईंनी मान जावयाच्या दिशेनं वळवली. रंगाऱ्यानं खिडकीबाहेरच्या त्या घाण भिंतीकडे पहिल्यांदाच आवडीनं पाहिलं.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी बायकोची दुपारची पाळी होती. निघण्याआधी तिनं खांद्याला तिकिटांची पिशवी तशीच अडकवून, उभ्या उभ्या मालिकेचा एक सबंध भाग पाहिला. चालत्या बसमध्ये लांबच्या पाट्या वाचणारी बाई ती, तिच्या हातून एक ओळ सुटली नाही. सासूबाई जेवून हात धुवायला गेल्या तशी ती खाटेवर वाकली.

"अहो, हा माणूस देव आहे."

"हळू बोल."

"त्या पोराची पट्टी सोडताना रडला तो. तुम्ही आईला सांगितलंत की कात्री शोधतोय."

"भिंत बघितलीस का त्याची?"

"छप्पर गळून ओल आली होती म्हणून रंगवली. खाली लिहून आलं ते."

ओल. हे रंगाऱ्याच्या डोक्यात यायला हवं होतं; जन्मभर त्यानं दुसरं केलं काय होतं.

"उद्या सकाळी दवाखान्याची गाडी येईल," बायको म्हणाली. "आई त्यात बसली नाही तर तिचे डोळे जातील, आणि ते तुम्ही घालवलेत हे मी मरेपर्यंत विसरणार नाही. मी परत यायच्या आत तिला खरं सांगा."

ती गेली. सासूबाई येऊन खुर्चीत बसल्या आणि दाराची वाट पुन्हा बंद झाली. रंगाऱ्यानं घसा साफ केला.

"सासूबाई, जरा बोलायचं होतं."

"आधी मी बोलते," सासूबाई म्हणाल्या. "लेकीनं तुमचं नाव काढलं तेव्हा मी नको म्हटलं होतं. म्हटलं, भिंतीकडे तोंड करून जगणारा माणूस, त्याला काय कळणार. चुकलंच माझं. तुम्ही नसतात तर मी उद्या डोळे बंद करून त्या टेबलावर झोपले असते. तुमच्यामुळे वाचले. हं, बोला."

आता सांगा, अशा वेळी कुणाच्या तोंडून खरं निघेल? रंगाऱ्यानं पायाकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं. पाय उचलत नव्हता आणि दारात खुर्ची होती. तोंड उघडलं, आणि त्यातून जे निघालं त्याचं त्यालाच नवल वाटलं.

"तो जुळा भाऊ होता."

"कोण?"

"डॉक्टरचा. डोळे काढणारा तो जुळा भाऊ. खरा डॉक्टर इतके दिवस तळघरात कोंडलेला होता. आज सुटला."

सासूबाईंनी कान पुढे केला. "आणि तो दुसरा?"

"तुरुंगात. कालच नेला."

"काल तर म्हणालात की एका आचाऱ्याचे काढले."

"ते काढले आणि लगेच धरला. हातात होते ना ते."

संध्याकाळचा भाग लागला. रंगाऱ्यानं जीव ओतला. आज पडद्यावर जे चाललं होतं तेच तो सांगत होता, तरी त्याला घाम फुटला. डॉक्टर आजीचा हात धरून बसलाय, म्हणाला. आजीला भिंतीवरचं कॅलेंडर दिसलं, म्हणाला. डॉक्टर घरी आला, बायकोनं ताट वाढलं, तो जेवतोय, म्हणाला. वाचायच्या आत ओळ पळाली तर या खेपेला त्यानं ती पळू दिली. सासूबाई डोळे मिटून ऐकत होत्या. भाग संपायला आणि बायको दारात यायला एकच गाठ पडली.

"काय ठरलं?" बायकोनं नवऱ्याकडे बघत आईला विचारलं.

"येते मी," सासूबाई म्हणाल्या. "सकाळी मला लवकर उठव."

बायकोनं पिशवी खाली ठेवली आणि तिथंच भिंतीला टेकली. रंगाऱ्याला वाटलं प्लास्टरसकट नाचावं. एवढ्यावर गप्प बसला असता तर निभावलं असतं. पण आपल्या हातचं काम कुणी वाखाणल्याशिवाय रंगाऱ्याला चैन पडत नाही.

"म्हणजे जुळ्या भावाचं पटलं तर तुम्हाला, सासूबाई?"

"जुळा नाही नि तिळा नाही," सासूबाई म्हणाल्या. "मला दिसत नाही, ऐकू येतं. पहिल्या दिवसापासून त्या डॉक्टरची बायको त्याच्यावर जशी वसवस करतेय तशीच आज जेवताना करत होती. दिरावर कुणी इतकं करत नाही, ते नवऱ्यावरच होतं. माणूस तोच आहे, आणि तुम्ही आज वाचलंत तेच त्याच्या मऊ आवाजाशी जुळलं; त्यानं कुणाचे काही काढलेले नाहीत. पट्टी सुटली की मी ही मालिका पहिल्या भागापासून इथंच बसून वाचणार आहे, आणि तुम्ही कुठं जात नाही. खोटं बोलताय तुम्ही, जावईबापू."