समोरचा पिचर

चेंडू सुटला तेव्हा कौमुदी चेंडूकडे पाहत नव्हती. तारेच्या जाळीमागच्या ओल्या बाकावर प्लॅस्टिकची पिशवी अंथरून ती बसली होती, आणि टाकून झाल्यावर डर्मट गेराटी मातीच्या उंचवट्यावर परत कसा जातो ते पाहत होती. नागपूरला बाबा ऑफिसांच्या क्रिकेट सामन्यांत अंपायर असायचे. बोलर धावत येताना पाहू नये, परत जाताना पाहावा, असं ते सांगायचे. येताना तो त्याला दाखवायचं तेच दाखवतो.

बेसबॉलमध्ये धावत येणं नसतं. पिचर उभ्या जागेवरून चेंडू टाकतो, फलंदाजाच्या मागे उकिडवा बसलेला कॅचर तो अडवून परत फेकतो, आणि पिचर पाठ फिरवून चार पावलं मागे जातो. कौमुदीला तेवढी चार पावलं पुरत.

डब्लिनला ग्रँड कॅनाल डॉकजवळच्या एका कंपनीत ती सॉफ्टवेअर तपासायचं काम करी. तिथल्याच डेक्लनने तिला त्याच्या ‘हेरन्स’ या हौशी संघात ओढलं होतं. खेळायला नाही, गुण लिहायला. पुढे तिच्याकडे आणखी एक काम आलं. प्रत्येक सामन्याआधी समोरच्या पिचरवर पानभर मजकूर लिहायचा: माणूस कोण, टाकतो कसा, दमतो कधी. तो संघाच्या वेबसाइटवर लागे आणि ज्याच्यावर लिहिलंय तोसुद्धा वाचत असे. रविवारी नावनच्या संघाशी उपांत्य सामना होता. म्हणून गुरुवारी ती ऑफिसातून लवकर निघून बसने नावनला आली होती.

डर्मट पन्नाशी ओलांडलेला होता. सुतारकाम करत वीस वर्षं बॉस्टनला राहिला, तिथे हा खेळ शिकला आणि आयर्लंडला बरे दिवस आल्यावर बायको-मुलीसह गावी परतला. वेग संपला होता, नेम शाबूत होता. कौमुदीने कागदावर लिहिलं: घाई करत नाही. समोरच्याला घाई करायला लावतो. मग ती पुन्हा त्याचं मागे जाणं पाहू लागली, आणि तिचं पेन थांबलं.

चालताना त्याचा उजवा हात पुढे-मागे होत होता. डावा, हातमोजा घातलेला, होत नव्हता. कोपरात जरासा वाकून तो अंगाशी तसाच राहत होता, दुसऱ्या कुणाचा हात सांभाळायला घेतल्यासारखा.

चुलतभावाच्या, आशुतोषच्या लग्नाची सीडी तिला आईने पाठवली होती. त्यात बाबा व्याह्यांना घ्यायला कार्यालयाच्या दारापर्यंत चालत जातात. एक हात हलतो, एक हलत नाही. डब्लिनच्या घरात तिने ती सीडी किती वेळा तरी लावली होती आणि दर वेळी तिच्या मनात एवढंच आलं होतं की बाबा बारीक झालेत. फेब्रुवारीत ते गेले. ती नागपूरला पोचली तेव्हा न्हाणीघरात भिंतीला स्टीलचा दांडा बसवलेला होता आणि चमच्यांच्या मुठींना फडकी गुंडाळलेली होती. पार्किन्सन्स हा शब्द तिने त्या घरात प्रथम तेव्हा ऐकला. “त्यांनीच सांगू नको म्हटलं होतं,” आई म्हणाली. “तू तिथं एकटी. कशाला डोक्याला घोर.”

तेव्हापासून ती डार्टमधून, तिथल्या लोकलमधून, जाताना पुरुषांचे हात पाहत असे.

सराव संपला. कॅचर, म्हणजे डर्मटची मुलगी ऑर्ला, मुखवटा डोक्यावर सरकवून बेस, म्हणजे धावताना गाठायच्या चौकोनी गाद्या, गोळा करायला गेली. मुलगी कॅचर असलेला लीगमधला तो एकच संघ होता. डर्मट जाळीपाशी आला.

“हेरन्सची हेर ना तू? मागे त्या नासच्या संघातल्या पोराला तू ‘कंटाळलेला पोस्टमन’ लिहिलंस. तो पोस्टमनच आहे, माहीत आहे?”

“नव्हतं माहीत.”

“त्याला वाटलं, तू चौकशी करून लिहिलंस. चल, बसस्टॉपपर्यंत येतो. वाटेत काय ते विचार. मी सगळं खोटं सांगेन.”

तिने नेहमीचे प्रश्न विचारले. त्याने बॉस्टनचे किस्से सांगितले आणि त्यांतले निम्मे खरेच वाटले. वळणावर तो थांबला. वळायला त्याला दोन छोटी पावलं जास्त लागली.

“डाव्या हाताला काय झालंय?” तिने विचारलं.

“खांदा. शिडीवरून पडलो होतो.”

“माझ्या वडिलांचाही चालताना हलत नसे.”

डर्मटने विचारलं, “काय होतं त्यांना?”

“तुम्हाला आहे तेच असावं.”

एक गाडी गेली. आतल्या माणसाने डर्मटला बोट उचलून नमस्कार केला, त्यानेही केला.

“डॉक्टरांनी नोव्हेंबरात सांगितलं,” तो म्हणाला. “बायकोला माहीत आहे. आता तुला.”

“आणि ऑर्लाला?”

“नाही. मोसम संपू दे. आत्ता सांगितलं तर ती मला चेंडू टाकू देणार नाही, खुर्ची आणून देईल. तू लिहिणार आहेस का हे?”

“‘त्याच्या डाव्या हाताला चेंडू ढकला, तो पोचत नाही,’ असंच ना?” तिने विचारलं.

“तुझ्या लोकांना तेच हवं असणार.”

“नाही लिहिणार,” कौमुदी म्हणाली. “पण तुम्ही तिला सांगा.”

“तुझ्या वडिलांनी सांगितलं होतं तुला?”

“नाही. ते गेल्यावर कळलं.”

“तुला त्रास नको म्हणूनच ना?”

“हो. सगळे हेच म्हणतात.” बस वळणावर दिसली. तिने हात केला. “मला कुणी विचारलंच नाही.”

घरी निशिगंधा, तिच्याबरोबर घर वाटून घेतलेली पुण्याची मैत्रीण, कुकरची शिटी व्हायची वाट पाहत ओट्याशी उभी होती.

“आल्या बाई! नावनला जाऊन म्हाताऱ्यांची गोलंदाजी बघायची, आणि इकडे ऑफिसातल्या अनिमेषने घरी बोलावलं तर म्हणायचं, थकलेय. वा.”

“म्हातारा नाहीये तो.”

“बरं, तरुण. प्रेसमधून तूप काढ.” कपाटाला निशिगंधा आता इथल्या लोकांसारखं प्रेसच म्हणे.

जेवल्यावर कौमुदी लिहायला बसली. निशिगंधाने तिच्या खांद्यावरून पडद्यावरचं वाचलं.

“हे काय गं? ‘नेम असा की फलंदाजाला आपणच चुकलो असं वाटावं.’ ह्यात त्याला हरवायचं कसं ते कुठाय? डेक्लन म्हणेल, हा बुवा संत आहे का?”

“म्हणू दे.”

“तुझा मूड ठीक आहे ना? आईंशी बोललीस गेल्या रविवारी?”

“बोलले. ती म्हणाली सगळं ग्रँड.”

“आई ग्रँड म्हणाल्या?”

“छान म्हणाली. एकच ते.” तिने मजकूर पाठवून दिला.

रविवारी डब्लिनच्या मैदानावर ढग होते पण पाऊस नव्हता. कौमुदी पहिल्या बेसच्या बाजूला घडीचं टेबल लावून बसली. डेक्लन येऊन म्हणाला, “छान लिहिलंयस. मला वाचून त्याच्याबद्दल आदर वाटला. आदराचं मी काय करू?” ती हसली. नावनचे लोक उतरले. डर्मटने लांबूनच टोपीला हात लावला. तिने त्याच्याकडे पाहिलं. त्याने मान जराशी आडवी हलवली. सांगितलं नव्हतं.

तो त्या दिवशी सुरेख टाकत होता. हेरन्सचे तरणे खेळाडू बॅट फिरवत आणि चेंडू आधीच जाऊन पोचलेला असे, किंवा अजून यायचा असे. तिसऱ्या डावात डेक्लनने कंटाळून फलंदाजाला खूण केली: बॅट फिरवू नकोस, नुसती आडवी धर. बंट म्हणतात त्याला. चेंडू बॅटला लागून मेल्यासारखा पुढे पडतो आणि पिचरलाच धावत येऊन तो उचलावा लागतो.

चेंडू पहिल्या बेसच्या रेषेकडे निघाला, डर्मटच्या डाव्या हाताला. डर्मटने अंग वळवलं, पाऊल टाकलं. हातमोजा मागेच राहिला. पण चेंडू त्याला उचलावा लागलाच नाही. ऑर्ला तिथे होती. तिने चेंडू उचलून पहिल्या बेसकडे फेकला आणि फलंदाज बाद झाला.

“नशीब,” डेक्लन म्हणाला. पुढच्या डावात त्याने तेच पुन्हा करून पाहिलं.

या वेळी कौमुदीने पिचरकडे पाहिलं नाही. तिने कॅचरकडे पाहिलं. बॅट आडवी व्हायला लागली, आणि चेंडू बॅटला लागण्याच्या आधी ऑर्ला टाचांवरून उठली होती. चेंडू कुठल्या बाजूला पडेल हे तिला कळणं शक्य नव्हतं. ती उजवीकडे सुटली, बापाच्या डाव्या हाताकडे, कारण चेंडू दुसरीकडे पडला असता तर बाप स्वतः पोचला असता.

मग बाकीचंही दिसायला लागलं. सगळे कॅचर चेंडू बसल्या जागेवरून झोकात परत फेकतात. ऑर्ला उठून चार पावलं पुढे जाई आणि अलगद त्याच्या छातीवर देई, हातमोजा फार उचलावा लागू नये असा. गुरुवारीही ती तसंच करत असणार. कौमुदी तिच्या पाठीमागेच बसली होती, पण तिचे डोळे एकाच माणसावर होते.

नावनचा संघ एका धावेने जिंकला. “पुढच्या वेळी पिचर राहू दे,” सामान आवरताना डेक्लन म्हणाला. “त्या पोरीवर लिही.”

कौमुदी टेबलाची घडी घालत असताना ऑर्ला आली. केस घामाने कपाळाला चिकटले होते.

“तू लिहिलं नाहीस,” ती म्हणाली. “थँक्स.”

“काय लिहिलं नाही?”

“उगाच नको. डॅड तुला बसपर्यंत सोडून परत आला तेव्हा दहा मिनिटं बुटाची नाडी बांधत बसला होता. मला वाटलं, हिने बघितलं.”

“कधीपासून माहीत आहे तुला?”

“ख्रिसमस. टर्की कापताना त्याने मला सुरी दिली. त्या घरात टर्कीच्या सुरीला दुसरं कुणी हात लावलेला नाही कधी.” तिने मुखवट्याचा पट्टा सोडवला. “त्याला सांगू नकोस. मला माहीत नाही या भरवशावर तो टाकतोय.”

“आणि तू?”

“मी काय. मी पळतेय.” ती हसली, बॅटींची थैली खांद्याला अडकवली आणि गाड्यांकडे गेली.

टेबल घेऊन कौमुदी फाटकापर्यंत आली तर डर्मट तिथे उभा. हातमोजा त्याने काखेत धरला होता.

“आज सांगतो तिला,” तो म्हणाला. “तू बोललीस ते मला तीन रात्री झोपू देईना. विचारलंच नाही, म्हणालीस ना. आज घरी गेल्यावर, जेवणाआधी.” त्याने गाड्यांकडे पाहिलं. “पण सुरुवात कशी करू? तुला सांगितलं असतं, तर कसं सांगितलेलं आवडलं असतं?”

कौमुदीने टेबल खाली ठेवलं. हा प्रश्न तिने स्वतःला विचारला नव्हता. न्हाणीघरातला दांडा तिच्या डोळ्यांपुढे आला, फोनवर दोन वाक्यं बोलून “आईकडे देतो” म्हणणारा आवाज आला. त्या दोन वाक्यांनंतर तिने कधी म्हटलं नव्हतं, थांबा जरा, देऊ नका. पलीकडे ऑर्ला थैली व्हॅनच्या मागच्या दारातून आत ढकलत होती.

“आधी काही सांगूच नका,” ती म्हणाली. “तिला विचारा, ते दोन्ही चेंडू तिने इतक्या लवकर कसे गाठले.”

“तिची नजर फार चांगली आहे,” डर्मट म्हणाला. त्याच्या आवाजात अभिमान होता. “लहानपणापासून.”

कौमुदीने टेबल पुन्हा उचललं.

व्हॅनचा हॉर्न वाजला. ऑर्ला चालकाच्या जागेवर बसली होती आणि खिडकीतून हात काढून बापाला बोलावत होती.

“बघ,” तो म्हणाला. “हल्ली मला हात लावू देत नाही गाडीला. म्हणते, सराव हवा. सतराव्या वर्षापासून चालवतेय, बॉस्टनच्या बर्फात शिकलीय, तिला कसला—”

तो थांबला. हॉर्न पुन्हा वाजला, पण तो लगेच हलला नाही.