झुलीमागचा रेडिएटर

मित्रांनो, मी एका जुन्या ट्रकचा रेडिएटर आहे. सौंसरच्या एका गॅरेजमागे गवतात पडलो आहे. इंजिनाचं तापलेलं पाणी माझ्या बारीक नळ्यांतून फिरे, समोरून वारा लागे आणि ते निवे. एवढंच माझं काम. ड्रायव्हर हिरामण रोज सकाळी मला पाणी पाजी. चढ चढून आला की हात लावून बघे.

१९८५ साली मालक रघुनाथरावांनी अगदी माझ्या तोंडासमोर विंच बसवली. रुतलेल्या गाड्या तारेच्या दोराने ओढणारं ते लाल, दणकट यंत्र. येणारा-जाणारा तिच्यावरून कौतुकाने हात फिरवी. माझा मात्र वारा बंद झाला.

हिरामण म्हणाला, "मालक, हवा अडून राहिली. विंच चार बोटं समोर घ्या."

संत्र्याचा हंगाम आटोपला की बघू, असं मालक म्हणाले. वर, इंजिन जळलं तर नोकरी गेली समज, अशी ताकीद दिली. हंगाम आला आणि गेला. हिरामण पाण्याचे डबे सोबत ठेवून, जागोजागी थांबून मला जपत राहिला.

पोळ्याच्या दिवशी तिगावजवळ बैल धुताना नत्थूजी नावाच्या शेतकऱ्याचा एक बैल गाळात रुतला. आम्ही तिथूनच चाललो होतो. हिरामणने त्याच्या पोटाला पोती गुंडाळली, पट्टा बांधला आणि विंचने हळूहळू ओढलं. उभ्या गाडीला वारा कुठला? मी आतून खदखदत होतो. बैल बाहेर आला तेव्हा म्हातारे नत्थूजी रडू लागले. त्यांनी बैलाची नवी जाड झूल आणली आणि ट्रकच्या तोंडावर पांघरली.

"माह्या घरचा पोळा हिनंच वाचवला," ते विंचकडे बोट दाखवून म्हणाले. "आज झूल हिलेच शोभते."

हिरामणला जेवायला न्यायचं म्हणून ते शेजारी येऊन बसले. हिरामणने झुलीकडे पाहिलं, नत्थूजींकडे पाहिलं. त्याला त्यांचं मन मोडवेना. गाव येईपर्यंत निभेल, असं त्याला वाटलं. चढावरच मी फुटलो आणि इंजिन जाम झालं.

नत्थूजींनी मालकांना खूप विनवलं. हिरामणची नोकरी गेली ती गेलीच. विंच नव्या ट्रकला लागली, चार बोटं समोर घेऊन. याचा मला आजही राग येतो.

मित्रांनो, कुणाला प्रेमाने हार-झूल घालाल, तेव्हा मागे कुणाचा श्वास अडत नाही ना, एवढं बघत जा.

गेल्या पोळ्याला हिरामण इकडून पायी जात होता. मला ओळखून थांबला आणि सवयीने हात लावला.

"आता थंड हायेस रे," म्हणाला. मग कितीतरी वेळ त्याने हात उचललाच नाही.