वरची फळी

आर्मसनं पळीभर पाणी तापलेल्या दगडांवर फेकलं. चर्र झालं, वाफेचा लोट छताला धडकला आणि दोघांच्या उघड्या पाठींवर उतरला.

"हं," कौको म्हणाला. "आता कुठं जरा ऊब आली."

तळ्याकाठच्या सौनात, म्हणजे वाफ घ्यायच्या लाकडी खोलीत, वरच्या फळीवर दोघं म्हातारे जन्माला आले तसे बसले होते. शेजाऱ्या-शेजाऱ्यांची ही शनिवारची बैठक त्यांच्या लग्नांपेक्षा जुनी, आणि तिचा कायदा एकच: आधी खाली उतरेल तो हरला. एकदा ईर्ष्येनं इतकी वाफ झाली की तळ्यातले मासे उकडून काठाला लागले, असं कौको सांगे. आर्मसनं त्याला कधी खोटं पाडलं नाही. उलट मासे जरा अळणी होते, एवढंच तो म्हणे.

आज मात्र आर्मसला हरायचीही सोय नव्हती. गुडघे उठतच नव्हते. मघाशी त्यानं जोर करून पाहिला, मांड्या नुसत्या थरथरल्या. सकाळी म्हाताऱ्यांची तपासणी करायला आलेल्या नगरपालिकेच्या बाईसमोर हात न टेकता खुर्चीवरून उठून दाखवलं होतं, शाबासकीही मिळवली होती. सगळी ताकद बहुधा तिथंच संपली. आणि लेक, मेर्वी, तिकडं स्वयंपाकघरात होती. तिनं स्पष्टच सांगितलं होतं, "बाबा, तुमचं तुम्हाला जमतंय तोवर खुशाल राहा इथं. पण एकदा जरी तुम्हाला उचलावं लागलं ना, की वृद्धाश्रम."

कौको निघून गेला असता, तर बुडावर सरकत, रांगत का होईना, दार गाठता आलं असतं. पण त्याच्यादेखत? सोमवारी दुकानातल्या कॉफीच्या टेबलावर त्याची गोष्ट झाली असती, आणि ती फुगत फुगत मेर्वीच्या कानावर गेली असती.

आर्मसनं आणखी एक पळी फेकली.

"भाजलं तर सांग हो."

"मला? मी तर पायमोजे आणायला हवे होते म्हणतोय. दे इकडं ती पळी."

कौकोनं लागोपाठ पाणी ओतलं. आर्मसचे कान पेटले. मग आर्मसनं, मग पुन्हा कौकोनं, असं बादलीचा तळ लागेपर्यंत चाललं. भट्टीतली लाकडं ढासळून निखारे झाले. हललं कुणीच नाही.

"आर्मस," बऱ्याच वेळानं कौको म्हणाला. आवाजातली मस्ती उतरली होती. "तू जा आधी. मी हरलो म्हणून गावभर सांग हवं तर. पण जा."

आर्मसनं मान वळवली. कौकोची बोटं फळीच्या कडेत रुतली होती. खालच्या पायरीसाठी काढलेला एक पाय तसाच अधांतरी कापत होता.

"कधीपासून?"

"चढलो तेव्हापासून."

"मग मला कशाला उकडत होतास, गाढवा?"

"तू जावंस म्हणून. आणि तू मला?"

आर्मसनं नुसता गुडघ्यांवरून हात फिरवला. कौकोनं ते पाहिलं आणि भट्टीकडं तोंड केलं.

बाहेर पावलं वाजली.

"बाबा! कॉफी निवतेय. येऊ का आत?"

"नको!" दोघं एकदम गरजले.

मेर्वी हसली. तिचा फोन वाजला, भाऊ होता. बोलत बोलत ती घराकडं वळली.

"अरे, कसला वृद्धाश्रम! बाबांसाठी धरून ठेवलेली ती खोली देऊन टाका म्हणावं दुसऱ्या कुणाला. मी परत निघते आता संध्याकाळीच. ठणठणीत आहेत रे, कौकोकाकांशी पैज लावून बसलेत आत. कुणी उतरायला तयार नाही!"

थोड्या वेळानं घराचं दार लागलं.

"ऐकलंस?" कौको कुजबुजला. "जिंकलास की."

आर्मसनं मान हलवली. दाराखालच्या फटीतून आलेला गारवा ओल्या पाठीला लागला, तसे ते दोघं, एकमेकांकडं न बघता, जरा जवळ सरकले.